सकाळचे आठ म्हणजे सकाळचे आठ

९ मार्च, सोमवार

खुर्चीत धड बसलेही नव्हते तोवर शंकाबाई येऊन उभी राहिली. शंकाबाई म्हणजे आमची टेस्टर. आम्ही लिहिलेला प्रोग्राम बाहेर जायच्या आधी तो कुठे कुठे मोडतो ते शोधणं हे तिचं काम, आणि ते ती इतकं मनापासून करते की तिला हे नाव पडलं. पडलं म्हणजे मीच पाडलं. मी या चमूची प्रमुख, म्हणून मला सगळे थोरल्याबाई म्हणतात.

"थोरल्याबाई, ही बातमी वाचलीत?"

बातमी अशी: ज्या देशात आमचे सगळ्यात जास्त रुग्ण आहेत, तिथल्या सरकारला साक्षात्कार झाला की उन्हाळ्यात उजेड फुकट जातो. म्हणून यंदापासून घड्याळं एक तास पुढे करायची. कधी? तर २९ मार्चला. वीस दिवसांत. आजवर तिथे घड्याळ कधी पुढेमागे झालेलं नाही.

डोकं भणभणलंय, तेव्हा पहिल्यापासून नीट लिहिते. आम्ही गोळ्यांचा डबा चालवणारा प्रोग्राम बनवतो. डबा एरवी बंद असतो. नर्सने "सकाळी आठ" असं भरून ठेवलं की आठला वाजतो, एक कप्पा उघडतो, आणि वीस मिनिटांनी परत बंद होतो, म्हणजे विसरभोळ्या माणसाने दोनदा गोळी घेऊ नये. तिकडे असे अकरा हजार डबे आहेत.

दुपारी कोड उघडून बघितला आणि हात कपाळाला गेला. नर्सने भरलेले आठ आम्ही ठेवतच नाही! प्रोग्राम लगेच त्यांचं जागतिक वेळेत, म्हणजे सगळ्या संगणकांच्या एका सामाईक घड्याळात, रूपांतर करतो, तेही पुढच्या तीन महिन्यांचं एकदम, आजच्या नियमाने, आणि मूळचे आठ फेकून देतो. नियम बदलला तरी साठवलेला आकडा तसाच राहणार. २९ तारखेला तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजतील तेव्हा डबा गप्प असेल. तो उघडेल नऊला.

"हे ज्या गाढवाने लिहिलंय ना, त्याला समोर बसवून शाळेतलं घड्याळ शिकवलं पाहिजे," मी म्हणाले.

शंकाबाईने माझ्याकडे बघितलंच नाही. ओठ आवळून स्क्रीनकडे बघत राहिली. तिला असली भाषा आवडत नसावी.

१० मार्च, मंगळवार

साहेबांना सांगितलं. आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे "उद्यापर्यंत" म्हणतात, कारण त्यांना सगळं उद्यापर्यंत हवं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक तासच ना?"

एक तासच. जणू लग्नाला उशिरा पोचायचंय.

"साहेब, माणसं आजारी आहेत."

"अहो, मला कळतं. पण एक तासाने कुणी मरत नाही. वजाबाकी करून टाकू ना. सगळ्यांच्या वेळेतून एक तास वजा. एवढ्याशा गोष्टीचा डोंगर करू नका."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. तो म्हणाला, "अकरा वर्षांत मला एकही गिऱ्हाईक म्हणालं नाही की नंबर जरा इकडेतिकडे झाला तरी चालेल."

उद्या हेच वाक्य साहेबांना ऐकवणार होते. मग वाटलं, नको. आपल्याकडे आपलं वाक्य हवं.

१२ मार्च, गुरुवार

आपलं वाक्य मिळालं. तिकडच्या एका नर्सशी बोलले. शंकाबाईची ओळख, कारण डबा बिघडला की ती नर्स थेट शंकाबाईलाच फोन करते. सायकलवरून घरोघर जाते, म्हणून आमच्यात ती सायकलवाली. तिचीही भाषा मोडकी, माझीही मोडकी, पण काम चाललं.

मी विचारलं, डबा आठऐवजी नऊला उघडला तर काय होईल?

ती हसली. म्हणाली, "माझा एक शिंपी आहे. ऐंशीचा. कंपवाताचा आजार. सकाळच्या गोळीआधी त्याची बोटं लाकडाची असतात. पलंगावरून उठता येत नाही, पाण्याचा पेला धरता येत नाही. मी पावणेआठला जाते, त्याला बसवते, आठला डबा उघडतो, आठ वाजून एक मिनिटाने गोळी जिभेवर. अर्ध्या तासाने तो सुईत दोरा ओवतो. अजून ओवतो!"

"आणि नऊला उघडला तर?"

"नऊला मी चौथ्या घरी असेन. डबा उघडेल, वाजेल, वीस मिनिटांनी बंद होईल. शिंपी तिथेच पडून ते ऐकेल."

मी तिचं म्हणणं शब्दशः वहीत उतरवून घेतलं.

म्हणजे प्रश्न एक तासाचा नाहीच. नर्स भिंतीवरच्या घड्याळाने चालते, आणि डबा आमच्या साठवलेल्या आकड्याने. दोघांची चुकामूक झाली की गोळी उशिरा मिळत नाही, ती मिळतच नाही.

१३ मार्च, शुक्रवार

साहेबांना शिंपी सांगितला. त्यांनी कॅलेंडर उघडून तारीख बघितली. मग म्हणाले, "म्हणूनच म्हणतोय, वजाबाकी करा आणि मोकळे व्हा. उद्यापर्यंत होईल ना?"

जेवताना मुलगी म्हणाली, "आई, तू आठवडाभर ज्याचा उद्धार करतेयस तो माणूस कोण आहे ते बघ तरी. तुमच्यात दिसतं ना, कुठली ओळ कुणी लिहिली ते?"

दिसतं. एका कमांडचं काम आहे. पण आत्ता आग विझवायची की काडी कुणी लावली ते शोधत बसायचं? असेल कुणीतरी, सोडून गेलेला. आमच्याकडे माणसं टिकतात कुठे?

१६ मार्च, सोमवार

वजाबाकी करता येणार नाही. आज सिद्धच झालं, आणि मला इतका आनंद झाला की मग स्वतःचीच लाज वाटली.

जगातल्या सगळ्या घड्याळांचे नियम एका यादीत असतात. कुठलं सरकार कधी काय करतं ते तिच्यात भरलं जातं आणि ती यादी सगळे संगणक वापरतात. तिकडचा नवा नियम ११ तारखेला यादीत आला. आमचे दोन सर्व्हर आहेत. त्यातल्या एकाने नवी यादी आपोआप घेतली, दुसऱ्याने घेतली नाही. म्हणजे ११ तारखेपासून नर्सने वेळ भरली की ती या सर्व्हरकडे गेली तर बरोबर साठवली गेली, त्या सर्व्हरकडे गेली तर चूक. कुठली कुणाकडे गेली याची नोंद आम्ही तीनच दिवस ठेवतो.

सगळ्यांतून एक तास वजा केला तर जुन्या वेळा सुधारतील आणि ज्या मुळात बरोबर आहेत त्या बिघडतील.

आज दोन्ही सर्व्हर एका पातळीवर आणले. जुन्या नोंदींचं मूळ काढता येतं, कारण त्या वेळी नियम एकच होता. शेवटच्या तीन दिवसांच्याही सुटल्या. मधल्या ८७० उरतात. त्या ८७० डब्यांवर नर्सने काय भरलं होतं हे या पृथ्वीतलावर फक्त त्या नर्सला माहीत आहे. आम्ही फेकून दिलं.

१७ मार्च, मंगळवार

मीटिंग. मी फळ्यावर लिहिलं: घडून गेलेली गोष्ट जागतिक वेळेत ठेवा, घडायची आहे ती तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात ठेवा. गोळी दिली गेली ती कधी, याचं उत्तर कुठलंही सरकार बदलू शकत नाही. पण पुढच्या महिन्यातले "सकाळचे आठ" म्हणजे नेमका कुठला क्षण, हे सरकार ठरवतं, आणि त्याचं मन कधीही बदलतं. तेव्हा नर्स जे म्हणाली तेच ठेवायचं: सकाळी आठ, अमुक शहराची वेळ. "जागतिक वेळेच्या इतके तास पुढे" असा नुसता आकडाही नको, कारण बदलतो तो आकडाच. शहराचं नाव हवं. आणि रूपांतर करायचं ते डबा उघडायच्या तोंडावर, त्या दिवशीच्या नियमाने.

साहेब म्हणाले, "छान. हे पुढच्या वर्षी करू. आत्ता वजाबाकी. ८७० म्हणजे अकरा हजारांत काहीच नाही."

"मी चालवणार नाही ती वजाबाकी."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हाताने नाही. तुम्हाला चालवायची तर चालवा. संगणक तिथे आहे."

साहेबांना बटण कुठलं दाबायचं तेही माहीत नाही, हे सगळ्यांना माहीत.

नंतर त्यांनी मला एकटीला थांबवलं. आवाज एकदम खाली. "हे बघा, जुनं उकरू नका. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाला हवंय? पुढचं बघा. झाकली मूठ राहू दे."

त्यांचाच हात असणार त्यात. नाहीतर माणूस इतका कशाला गयावया करेल? आता तर बघणारच.

१८ मार्च, बुधवार

बघितलं.

ती ओळ माझी आहे.

सहा वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली. नाव माझं, वर माझी टीपही आहे, माझ्याच भाषेत: "वेळ लगेच रूपांतरित करून ठेवा, पुढे कटकट नको."

मी तीन वेळा कमांड चालवली. जणू तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाचं नाव येईल.

एवढ्यावर भागलं नाही. त्या ओळीला एक तक्रार जोडलेली आहे. शंकाबाईची. ती तेव्हा नवीन होती, लागून महिनाही झाला नसेल. तिने लिहिलं होतं: "नर्सने भरलेली मूळ वेळ आपण ठेवत नाही. एखाद्या देशाने घड्याळाचा नियम बदलला तर पुढच्या सगळ्या वेळा चुकतील असं वाटतं. शंका बरोबर आहे का?" बारा दिवस कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग मी दिलं: "दुर्मीळ. असं होत नाही. बंद करत आहे."

तीन वाक्यांत सहा वर्षं बंद.

त्या ऑगस्टमध्ये आई दवाखान्यात होती. मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर मांडीवर संगणक घेऊन काम करत होते. आठवलं. कारण सापडलं. पण ते मी वापरणार नाही. शिंप्याला माझ्या आईचं काय करायचंय?

नऊ दिवस मी त्या गाढवाला शिव्या देत होते, आणि शंकाबाई समोर उभी राहून ऐकत होती. तिला भाषा आवडत नव्हती म्हणे! काय लिहिलंय मी इथे.

१९ मार्च, गुरुवार

जिन्यात गाठलं तिला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज चढवला नाही. "तुम्हाला सांगून झालं होतं, थोरल्याबाई. एकदा."

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, पण चेहऱ्यावर ठीक काही नव्हतं. मग म्हणाली, "अजून एक शंका आहे. काढू का?"

"काढ."

"बदलाच्या रात्री घड्याळ दोनवरून एकदम तीनवर जाणार. मग त्या दिवशी अडीच वाजणारच नाहीत. एकतीस रुग्णांची गोळी अडीचची आहे. न येणाऱ्या वेळेला डबा उघडायचा कधी?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी म्हणणार होते, साडेतीनला ढकलू. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटून उपयोग नाही. डॉक्टरला विचारू."

विचारलं. तिकडचे डॉक्टर म्हणाले, तीनला. साडेतीनला नाही. मी ठरवलं असतं तर पुन्हा चुकले असते.

२० मार्च, शुक्रवार

सगळ्यांसमोर सांगितलं. फळ्यावर माझी ओळ लिहिली, खाली तिची तक्रार, त्याखाली माझं उत्तर. म्हणाले, "हे गाढव मी आहे. आता त्याला घड्याळ शिकवायला बसलेय. जुनी पद्धत मी काढून टाकतेय. ज्याला मदत करायची त्याने करा."

नव्या पोरांपैकी एकजण हसला आणि मग खाली मान घालून कामाला लागला.

साहेबांनी आत बोलावलं. चेहरा लालबुंद. "हे सगळ्यांपुढे बोलायची काय गरज होती? सहा वर्षं कुणाला कळलं नव्हतं! मी तर तुमच्याच..." आणि तोडलं वाक्य.

पुरं करायचं होतं ना. माझ्याच काय? माझ्याच डोक्यावर फोडणार होते, असंच असणार. घाबरलेला माणूस अर्धंच बोलतो.

२२ मार्च, रविवार

दोन दिवसांत नवी पद्धत उभी राहिली. शंकाबाईने त्यात एकोणीस चुका काढल्या. सगळ्या दुरुस्त केल्या. कंबर मोडली. आता फक्त ते ८७०.

साहेबांचा निरोप: नर्सना फोन करायचा नाही. गिऱ्हाईक, म्हणजे तिकडची नर्सांची संस्था, घाबरेल. कंपनीचा फोन वापरलेला दिसला तर बघा.

ठीक. कंपनीचा फोन वापरणार नाही.

२३ मार्च, सोमवार

तीन दिवसांची रजा टाकली. रजेत मी कुणाला फोन करायचा हे माझं मी ठरवीन. शंकाबाईनेही टाकली. मी तिला नको म्हणत होते, तुझी नोकरी जाईल म्हणाले. ती म्हणाली, "माझी शंका आहे. मीच सोडवणार."

माझ्या जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर. ८७० नोंदी, १४० नर्स. यादीत रुग्णाचं नाव नाही, फक्त नोंदीचा क्रमांक. प्रत्येकीला एकच प्रश्न: तुम्ही किती वाजले असं भरलं होतं?

पहिली नर्स म्हणाली, "तुमच्याकडे असेल ना ते."

"आमच्याकडे होतं. आम्ही हरवलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "लिहून घ्या."

संध्याकाळपर्यंत ५१ जणी झाल्या. घसा बसलाय. मुलगी कॉलेजातून आली आणि आमच्या दोघींपुढे गरम पाणी ठेवून गेली.

२४ मार्च, मंगळवार

४८. सायकलवालीने तिच्या ओळखीच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे काहीजणी फोन उचलताच आकडे सांगायला लागतात. एकीने मात्र खडसावलं: "आणि हे तुम्ही आत्ता विचारताय?" हो बाई, आत्ता. सहा वर्षं उशिरा. बोला तुम्ही, मी ऐकतेय.

२५ मार्च, बुधवार

उरलेल्या ४१ जणींपैकी ३९ झाल्या. दोघी आजारी होत्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी डब्याशेजारी चिकटवलेला कागद वाचून सांगितलं. आठशे सत्तरच्या आठशे सत्तर भरल्या. शंकाबाईने टेबलावर हात आपटला. सहा वर्षांत मी तिला असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

पाच वाजता साहेबांचं ताकीदपत्र आलं. आज्ञाभंग वगैरे. खाली एक ओळ: वजाबाकी उद्यापर्यंत चालवावी, अन्यथा पुढील कारवाई.

नवऱ्याने पत्र वाचलं, उलटं धरून बघितलं, म्हणाला, "सही अगदी बारीक केलीय. याला नंबर लागला असेल."

उत्तर पाठवलं: "पत्र मिळालं. वजाबाकी चालवणार नाही."

२६ मार्च, गुरुवार

तिकडच्या सरकारने निर्णय पुढे ढकलला! म्हणे तयारी झालेली नाही. आता २९ मार्च नाही, १२ एप्रिल.

शंकाबाईने नियमांच्या यादीतली एक तारीख बदलली, चाचण्या चालवल्या. अकरा मिनिटं. कुठल्याही रुग्णाच्या नोंदीला हात लावावा लागला नाही. आठ म्हणजे आठ. आठ कधी वाजतात ते सरकारने ठरवावं आणि हवं तितक्यांदा बदलावं.

साहेब आले. "म्हणजे २९ साठी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं," असं म्हणाले, अगदी विजयी मुद्रेने.

"बहुतेक डब्यांचं चाललं असतं. आणि तुमची वजाबाकी काल चालवली असती तर रविवारी अकरा हजार डबे सातला उघडले असते. नर्स दारात यायच्या आधी."

ते उभेच राहिले. बोटांवर तास मोजून पाहिले. मग म्हणाले, "पाठवा. तुमचं ते."

पाठवलं.

१२ एप्रिल, रविवार

सुट्टी असून सगळे आले. तिकडे आठ वाजतात तेव्हा इथे साडेअकरा असायचे, आजपासून साडेदहा. पडद्यावर उघडलेल्या डब्यांचा आकडा. दहा एकोणतीसला कुणी श्वास घेत नव्हतं.

साडेदहा. आकडा धावत सुटला. शंभर, नऊशे, दोन हजार. टाळ्या वाजल्या. मी नाही वाजवल्या, शंकाबाईनेही नाही. ती न उघडलेल्यांची यादी बघत होती.

नऊ. नऊ डब्यांना चार दिवस इंटरनेट नव्हतं, आणि नवी वेळ मिळाली नाही की डबा शेवटच्या दिवशीचीच वेळ पुढे चालवतो. ताबडतोब फोन. आठ ठिकाणी नर्स घरातच होत्या, त्यांनी आणीबाणीच्या किल्लीने डबा उघडला; ती आमच्या परवानगीशिवाय चालत नाही. नवव्या घरची नर्स फोन उचलेना. दुसरी नर्स पोचेपर्यंत तिथल्या एक बाई एक तास चाळीस मिनिटं गोळीविना पडून होत्या.

इंटरनेट नसलेल्या डब्याचा विचार आम्ही केला नव्हता. शंकाबाईनेही नाही, मीही नाही. ती म्हणाली, "माझी चूक." मी म्हणाले, "रांगेत उभी राहा, पुढे मी आहे."

सायकलवालीचा निरोप आला: शिंप्याला वेळेवर मिळाली. त्याने विचारलं, आज एवढा उजेड कमी का?

१४ एप्रिल, मंगळवार

गिऱ्हाईकाला अहवाल द्यायचा. साहेबांनी मसुदा केला: "तेथील सरकारच्या ऐनवेळच्या निर्णयामुळे उद्भवलेली तांत्रिक अडचण आमच्या चमूने तत्परतेने दूर केली."

मी तो बाजूला ठेवला आणि माझा लिहिला: "चूक आमच्या प्रोग्राममध्ये सहा वर्षं होती. ती मी केली. आमच्या टेस्टरने ती तेव्हाच दाखवली होती. मी तिची तक्रार न तपासता बंद केली. १२ एप्रिलला नऊ डबे वेळेवर उघडले नाहीत. एक रुग्ण एक तास चाळीस मिनिटं औषधाविना होत्या. त्यांची आम्ही क्षमा मागतो." खाली नाव.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "हे गेलं तर तुम्हाला प्रमुख म्हणून ठेवता येणार नाही मला. समजतंय का?"

"समजतंय."

"निदान स्वतःचं नाव तरी काढा. 'आमच्याकडून' म्हणा. मी सही करतो."

"नको. नऊ दिवस मी नाव माहीत नसलेल्या माणसाला शिव्या देत होते. आता सापडलंय तर लपवू कशाला?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला, माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. मग म्हणाले, "तुमची आई आजारी होती तेव्हा." एवढंच. मी म्हणाले, हो. त्यांना कसं लक्षात राहिलं कोण जाणे.

अहवाल माझ्या नावाने गेला.

२१ एप्रिल, मंगळवार

प्रमुखपद गेलं. काचेची खोली सोडून मधल्या टेबलावर आले. इथे खिडकी आहे, आत नव्हती.

तिकडच्या मुख्य नर्सचं उत्तर आलं. करार चालू ठेवणार, पण एका अटीवर: "सहा वर्षांपूर्वी ज्यांनी शंका काढली होती, त्यांच्या सहीशिवाय यापुढे आमच्या रुग्णांपर्यंत काहीही पोचता कामा नये."

साहेबांनी दुपारी शंकाबाईला काचेच्या खोलीत बसवलं. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "मला प्रमुख वगैरे जमणार नाही."

"मलाही नव्हतं जमत. मी बारा वर्षं केलं."

२८ एप्रिल, मंगळवार

इंटरनेट नसलेल्या डब्यांसाठी नवी व्यवस्था लिहिली: डब्यातच नियमांची यादी आणि नर्सने भरलेली मूळ वेळ, रूपांतर डब्याने स्वतः करायचं. आठवडाभर जीव ओतला. आज सकाळी शंकाबाईकडे तपासायला दिली. जरा तोऱ्यातच दिली, खरं सांगायचं तर.

तिने दुपारी परत केली. सतरा शंका. सोळा बरोबर होत्या. खाली मान घालून दुरुस्त करतेय.

सतरावी शंकाच चुकीची आहे. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, चुकीची नाही. मी कागदावर काढून दाखवलं. तिने त्याच कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. साहेब मध्ये पडायला आले, दोघींनी त्यांना बाहेर बसवलं. सहा वाजले, दिवे मालवायला माणूस आला, आम्ही अजून भांडतोय. मी माघार घेणार नाही. तीही घेणार नाही. उद्या सकाळी पुन्हा बसायचं ठरलंय, आणि तोवर ती शंका उघडीच राहणार आहे.